सत्तावीस महिने, पगार शून्य

"बाबा, फी नंतर बघू. आधी हे लिहा, सत्तावीस महिने पगार शून्य."

काल रात्री इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला जेवणाच्या टेबलावर लेक असं म्हणाली आणि माझं पेन थांबलं. तिला फिजिशियन असोसिएट व्हायचंय, म्हणजे डॉक्टरांसोबत काम करत रुग्ण तपासणारी, औषधं लिहून देणारी. मी नुसती ट्यूशन, पुस्तकं, भाडं मांडत बसलो होतो.

मग तिची छोटी वही बघितली. अर्जासाठी रुग्णसेवेचे तास लागतात, अनेक ठिकाणी हजाराच्या वर. नर्सिंग होममध्ये पहाटेच्या पाळ्या करून जमवतेय. एका तारखेपुढे '१२', आणि खाली बारीक अक्षरात, 'आजी आज जेवल्या.'

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

कोर्स साधारण २७ महिन्यांचा, त्या काळात नोकरी करू नका असंच बहुतेक कॉलेजं सांगतात. त्यात १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस कर्ज बंद, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचा उरलेला खर्च भागवणारं सरकारी कर्ज. साध्या सरकारी ग्रॅज्युएट कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर, त्यात बऱ्याच ठिकाणची ट्यूशनसुद्धा भागत नाही. उरलेलं खाजगी बँकेकडून, म्हणजे आमच्या सहीवर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तिला मीच शिकवलं. काल मात्र म्हणवलं नाही.

कुणी मुलांसाठी अशी सही केली आहे का? बँकेला आधी काय विचारलंत?