पौसॅनियसच्या भरवशावर पेलोपोनीज

ग्रीस म्हटलं की आपल्याकडची मंडळी अथेन्स आणि सँटोरिनी उरकून परत येतात. आम्ही सँटोरिनीला फाटा दिला आणि पेलोपोनीज, म्हणजे ग्रीसचं दक्षिणेकडचं द्वीपकल्प, गाठलं, तेही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गाइडच्या भरवशावर. पौसॅनियस हा आशिया मायनरमधला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला ग्रीक. रोमन अमलातला ग्रीस पायाखाली घालून त्याने दहा भागांत त्याचं वर्णन लिहून ठेवलं. कुठल्या वाटेवर कोणतं देऊळ, मूर्ती कुणी घडवली, गावकरी तिची काय कथा सांगतात, सगळं अगदी एखाद्या क्षेत्रोपाध्याच्या तोंडून ऐकावं तसं. मध्येच फाटे फोडतो, कंटाळाही आणतो. पण जागेवर उभं राहून वाचला की सुटत नाही.

मुक्काम नाफ्प्लिओला टाका. अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून बस मिळते, साधारण अडीच तास. मायसिनी या प्राचीन तटबंद नगरीला थेट बस मोजक्याच. नाहीतर हमरस्त्यावर फिख्तीला उतरून टॅक्सी करा. उन्हाळ्यात ती वाट चालत जाऊ नका, वर सावली औषधालाही नाही.

मायसिनीच्या सिंहद्वारातून आत शिरलं की उजव्या हाताला कबरींचं वर्तुळ लागतं. पौसॅनियस सांगतो की ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतला इथला राजा आगामेम्नॉन, त्याला तटाच्या आत पुरलं. त्याचा खून करणारी त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर एगिस्थस यांची मात्र तेवढी लायकी नव्हती म्हणून ती दोघं बाहेर. एकोणिसाव्या शतकातले इतर पंडित हा तट म्हणजे बाहेरच्या गावाचा तट समजत होते. जर्मन उत्खननकार हाइनरिख श्लीमानने तो बालेकिल्ल्याचा धरला, 1876 मध्ये इथे खणलं आणि सोन्याचे मुखवटे हाती लागले. कबरी आगामेम्नॉनच्या नव्हेत, त्याच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून कित्येक शतकं जुन्या आहेत. पण खणायची जागा बिनचूक निघाली! तो प्रसिद्ध मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, त्यामुळे तिथला अर्धा दिवस राखून ठेवा.

आर्गोसच्या रस्त्यावरचा तिरिन्सचा प्राचीन किल्ला चुकवू नका, गर्दी अजिबात नसते. इथला सगळ्यात लहान दगडसुद्धा खेचरांच्या जोडीला हलणार नाही, असं पौसॅनियस म्हणतो. ग्रीक लोक इजिप्तच्या पिरॅमिडांचं बारीकसारीक वर्णन करतात आणि घरचे हे तट विसरतात, याचा त्याला राग आहे. तो राग आपल्यालाही ओळखीचा वाटतो.

एपिडॉरसला जाताना बस प्राचीन नाट्यगृहाला, म्हणजे अस्कलिपिओला जाते ना, हे विचारूनच चढा. एपिडॉरस नावाची गावं वेगळी आहेत आणि नाट्यगृहापासून बरीच लांब.

पण खरी मजा ऑलिम्पियाला. अथेन्सहून पिर्गोसला बस, तिथून दुसरी. समोर पाहावं तर आडवे पडलेले खांब आणि रिकामे चौथरे. पुस्तक नसेल तर तासाभरात माणूस कंटाळतो. स्टेडियमकडे जाताना डाव्या हाताला पायथ्यांची रांग आहे. त्यांवर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे होते आणि त्यांचा खर्च लबाडी करणाऱ्या खेळाडूंच्या दंडातून निघाला होता. पहिला मान थेसलीच्या युपोलसचा. या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते. ऑलिम्पियातला विजय पैशाने नाही, पायांच्या वेगाने आणि अंगातल्या बळाने मिळतो, असा लेखही तिथे होता, आणि मैदानात उतरणारा प्रत्येक खेळाडू याच रांगेवरून जायचा. पुतळे गेले. कुणाकुणाला कशासाठी दंड झाला हे आज कळतं ते पौसॅनियसमुळे.

इथल्या हेरा देवीच्या देवळात बाळ डायोनायसस देवाला घेतलेल्या हर्मिस देवाचा पुतळा आहे, शिल्पकार प्रॅक्सिटेलीसचा, अशी एका ओळीची नोंद तो करून ठेवतो. 1877 मध्ये जर्मन उत्खननात त्याच देवळात हर्मिस सापडला. तो प्रॅक्सिटेलीसच्या हातचाच की नंतरची नक्कल, हा वाद अभ्यासकांना घालू दे. संग्रहालयात त्याच्यासाठी वेगळी खोली आहे. आधी अवशेष पाहा, मग संग्रहालय. हिवाळ्यात दुपारीच दारं बंद होतात, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा.

शाकाहारींनी भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे घेवड्याचे दाणे आणि उकडलेली रानभाजी मागावी. उपवासाचं मागितलंत तर दूध, अंडी, मटण नसेल, पण ऑक्टोपस येऊ शकतो, त्यांच्या उपवासाला तो चालतो.

पुस्तकाबद्दल एक सूचना. जुने इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट आहेत, फोनवर उतरवून घ्या. पेंग्विनचे दोन खंड घेणार असाल तर त्यात भागांचा क्रम बदललाय: मायसिनी आणि एपिडॉरस पहिल्या खंडात, ऑलिम्पिया दुसऱ्यात. एकच नेलात तर अर्धी सहल गाइडविना होईल.