लिटर डावीकडे, फॅट उजवीकडे

आज अख्खी दुपार एका चार्टने खाल्ली. वार्षिक सभेच्या अहवालात दूध संकलन आणि फॅट एकत्र दाखवायचं होतं, आता लिटर लाखांत आणि फॅट साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास, मग काय, एक्सेलने फॅटची लाइन पार तळाला चिकटवून टाकली, दिसेचना. माउसने पकडता पण येत नव्हती म्हणून फॉरमॅट टॅबमधल्या ड्रॉपडाउनमधून सिलेक्ट केली, सेकंडरी अ‍ॅक्सिसवर टाकली, लगेच उजवीकडे फॅटची वेगळी पट्टी आली आणि लाइनचे चढउतार दिसायला लागले.

तेवढ्यात साहेब मागून डोकावले. "अरे, मे महिन्यात दूध निम्म्यावर आलं की काय?" निम्म्यावर कसलं, जानेवारीत ४४ लाख लिटर आणि मे मध्ये ४२! पण आकडे जवळजवळचे असले की एक्सेल आपल्या मनाने अ‍ॅक्सिस शून्याऐवजी वरच्या आकड्यापासून सुरू करतं, इथे ४० लाखांपासून केला होता, त्यामुळे मेचा कॉलम बरोबर अर्धा दिसत होता. मिनिममला ० टाकलं, झालं. लाइन चार्टला शून्य नसलं तरी एकवेळ चालतं, कॉलममध्ये माणूस उंचीच बघतो ना.

आणि ते ४४००००० वाचत बसायची पण गरज नाही हं, अ‍ॅक्सिसच्याच सेटिंगमधल्या डिस्प्ले युनिट्समध्ये मिलियनच्या वरच १००००० आहे, तो घ्यायचा आणि बाजूच्या लेबलमध्ये 'लाख लिटर' टाइप करायचं. एवढं सगळं करून साहेबांना दाखवलं तर म्हणे, "कॉलम हिरवे कर रे, निळा फार डल वाटतो" 😐