टबचं पाणी: आधी अल्कलिनिटी, मग बाकीचं

"पाणी अगदी नितळ आहे, तपासायचं कशाला?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. हॉट टबमध्ये नितळ पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजार-दीड हजार लिटर कोमट पाणी, त्यात तीन-चार माणसं, त्यांचा घाम, अंगाला लावलेलं तेल नाहीतर क्रीम. एवढ्या भाराने क्लोरीन बघता बघता संपतं. ते संपलं की स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि एक-दोन दिवसांत अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखाली, खाजरे लाल पुरळ उठतात. लिजिओनेला हा दुसरा जिवाणू तर वाफेच्या तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. सासूबाई गुडघ्यांसाठी रोज संध्याकाळी टबमध्ये बसतात. त्यांचं वय बघता या बाबतीत मी कसलीच तडजोड करत नाही.

पाणी तपासताना बहुतेकजण आधी क्लोरीन बघतात. मी आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची क्षमता, बघते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, किती हलेल, ते तिच्यावर ठरतं. ती फार कमी असेल तर पीएच सैरभैर होतो. जास्त असेल तर तो सतत वर सरकत राहतो, कितीही अॅसिड घाला. याचं कारण टबचे बुडबुडेच आहेत. पाण्याचे झोत सोडणारे जेट सुरू झाले की पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. जेट अर्धा तास चालवून पुन्हा चाचणी घ्या. परीक्षानळीतल्या थेंबांचा केशरी रंग गुलाबीकडे झुकलेला दिसेल. चाचणी-पट्टीच्या डबीवर अल्कलिनिटीसाठी 80 ते 120 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लिहिलेलं असतं. मी ती 80च्या जवळ ठेवते, कारण तिथे पीएच सगळ्यात कमी त्रास देतो. वाढवायची असेल तर खाण्याचा सोडा पुरतो. कमी करायला सोडियम बायसल्फेट (कोरडं अॅसिड) लागतं, तेही थोडं थोडं, मधे पाणी फिरू देऊन.

पीएचसाठी एवढा आटापिटा का, तर क्लोरीनची ताकद त्यावर अवलंबून आहे. 7.5ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, 8ला जेमतेम पाव. म्हणजे पट्टी भरपूर क्लोरीन दाखवते आणि काम मात्र होत नाही. पीएच 7.2 ते 7.8मध्ये आणि क्लोरीन किमान 3 पीपीएम हवं. ब्रोमीन वापरत असाल तर किमान 4. यापेक्षा कमी दिसलं तर आमच्याकडे कुणीही पाण्यात उतरत नाही, पाहुणे टॉवेल घेऊन उभे असले तरी.

क्लोरीनचा उग्र वास आला की ते जास्त झालं, असा समज आहे. बहुतेक वेळा उलटं असतं. तो वास घाम-मूत्राशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो, आणि त्यावर उपाय म्हणजे झाकण उघडं ठेवून शॉक देणं, म्हणजे क्लोरीनची मोठी मात्रा एकदम घालणं. उतरण्याआधी साबण लावून अंघोळ केली आणि साबण नीट धुऊन काढला, तर हा प्रश्न निम्मा मिटतो. फेसही कमी होतो.

दाणेदार डायक्लोर (क्लोरीनचाच एक प्रकार) सोयीचं आहे, मीही तेच वापरते. पण त्यातून दर 10 पीपीएम क्लोरीनमागे सुमारे 9 पीपीएम सायन्युरिक अॅसिड पाण्यात येतं आणि तिथेच साठत राहतं. ते वाढलं की क्लोरीन मंदावतं. पाणी बदलण्याखेरीज त्यावर घरगुती इलाज नाही. रोजच्या वापराच्या टबला तीन-चार महिन्यांनी पाणी बदलायलाच हवं.

पाणी सोडण्याआधी पाइप साफ करायचं औषध घालून जेट चालवा. आतल्या बुळबुळीत थराचे तपकिरी पापुद्रे सुटून वर तरंगायला लागतात. एरवी चकचकीत दिसणाऱ्या टबमधून हे निघताना एकदा बघाच. हा थर राहिला तर नवीन पाण्यातलं क्लोरीन पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच खर्ची पडतं. फिल्टर आठवड्याला नळाखाली, घड्या उलगडून धुते. महिन्याला एकदा फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवते.

औषधं एकावेळी एकच घाला, कधीही एकमेकांत मिसळू नका. आधी बादलीत पाणी, मग त्यात औषध. टब पुन्हा भरल्यावर पहिली पट्टी अल्कलिनिटीसाठी बुडवा, क्लोरीन त्यानंतर.