ओट्याचा दगड निवडताना रंग सगळ्यात शेवटी बघा

ओट्यासाठी दगड घ्यायला गेलं की सगळे जण आधी रंगावर तुटून पडतात. पांढरा की काळा, शिरा हव्यात की ठिपके, कॅबिनेटला मॅच होतोय का, यातच अर्धा दिवस जातो आणि शेवटी दमून जो समोर असेल तो फायनल होतो. मला विचाराल तर रंग सगळ्यात शेवटी. आधी बघायचं की दगड आंबट, तेलकट आणि गरम यांच्यापुढे कितपत टिकतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कापणार कोण आहे, बसवणार कोण आहे.

मार्बलचंच बघा. दिसायला त्याच्यासारखं काही नाही, पण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, काहीही आंबट पडलं की तिथलं पॉलिश गेलंच. लोक त्याला डाग म्हणतात आणि घासत बसतात, पण तो डाग नसतोच, दगडाचा वरचा थर तेवढ्यापुरता विरघळलेला असतो, मग तो घासून जाणार कसा? आणि "आम्ही सीलर मारून देतो, काळजी करू नका" असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि सोडून द्या. सीलर पाणी-तेल आत मुरायला अडवतो, आम्लाची क्रिया वरच्या वर होते ती तो थांबवत नाही. ज्यांना असे पुसट ठसे चालतात, आवडतात, त्यांनी खुशाल मार्बल घ्यावा. शक्यतो मॅट फिनिशमध्ये, म्हणजे पॉलिश जायला मुळात पॉलिशच नको.

तर माझं म्हणणं एवढंच की स्लॅब पसंत पडला की त्याच लॉटमधला एक टाकाऊ तुकडा मागून घ्या, देतात, आणि घरी आणून त्याचे हाल करा. एका कोपऱ्यात अर्धं लिंबू उपडं, एका बाजूला तेलाचा थेंब, एका बाजूला पाणी, आणि लिंबू-तेल रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुसून वरून बघितलं तर बरेचदा काहीच दिसत नाही आणि आपण खूश होतो, पण मोबाइलचा टॉर्च लावून आडवा धरा, मग चमक गेलेलं गोल वर्तुळ लख्ख दिसतं आणि त्यावरून बोट फिरवलं की किंचित खरखरीत लागतं. तेलाच्या जागी गडद ठिपका राहिला तर दगड पितोय. पाण्याचा थेंब दहा-पंधरा मिनिटांत दगडाला काळपट करत असेल तर सीलर लागणारच आणि अधूनमधून परत मारावा लागणार, आणि अर्ध्या तासानेही थेंब तसाच टम्म बसला असेल तर सीलरची घाई नाही. शोरूममध्ये तासभर उभं राहूनही हे कळत नाही.

ग्रॅनाइट या परीक्षेत बहुतेक पास होतो, कारण त्यात मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं, कडकपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मोह्स स्केलवर 6 ते 7. मार्बल 3 वर. चाकूचं स्टील साधारण या दोघांच्या मधे कुठेतरी, म्हणून मार्बलवर चाकू चालवला तर ओरखडा दगडाला आणि ग्रॅनाइटवर चालवला तर धार चाकूची जाते. फिकट ग्रॅनाइट मात्र जास्त पाणी पितात आणि काहींत लोह असतं, ते ओलाव्याने गंजून पिवळे ठिपके येतात. काळा ग्रॅनाइट म्हणून विकतात तो भूगर्भशास्त्राप्रमाणे बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट, घट्ट दगड, कमी पितो, पण त्यात एक गंमत असते, करड्या दगडाला रंग मारून कुळकुळीत केलेला असू शकतो. पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन घासा, फडकं काळं झालं तर दुकानातून बाहेर पडा.

क्वार्ट्झाइट आणि क्वार्ट्झ यात बहुतेक जण गोंधळतात आणि विकणारे तो गोंधळ दूर करायला फारसे उत्सुक नसतात. क्वार्ट्झाइट हा नैसर्गिक दगड, ग्रॅनाइटइतका किंवा जास्तच कडक. पण त्या नावाखाली मार्बल किंवा डोलोमाइटही खपवतात, म्हणून तुकड्याच्या टोकाने काचेवर रेघ ओढून बघा, खऱ्या क्वार्ट्झाइटने काच खरवडली जाते. दुकानात क्वार्ट्झ म्हणतात तो म्हणजे कारखान्यात बनवलेला स्लॅब, वजनाने 90 टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झ खनिजाचा चुरा आणि बाकी रेझिन (चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि रंग. सीलर नको, डाग नको, सगळं छान, फक्त गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवायचं नाही कारण रेझिन करपतं, आणि कडक उन्हात येणाऱ्या जागी लावायचा नाही, पिवळा पडतो. शिवाय त्याच्या कटिंगच्या धुळीत सिलिका प्रचंड, कापणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवणं, पुरवणं, बसवणं सगळ्यावरच बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच. म्हणून कुठलाही दगड असो, घरात कोरडा ग्राइंडर फिरवू देऊ नका, पाणी सोडून कापायचं आणि शक्य तेवढं वर्कशॉपमध्येच कापून आणायचं.

आता बसवणं. कॅबिनेट पूर्ण फिक्स आणि लेव्हल झाल्याशिवाय माप द्यायचं नाही, आणि सिंक प्रत्यक्ष हातात हवं, कॅटलॉगमधलं माप नको. 20 मिमीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण 54 किलो भरतो, 30 मिमीचा 80 च्या वर, खालची लाकडी पेटी वाकडी असेल तर दगड वाकत नाही, तडकतो. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सिंकचं भोक, त्याच्या पुढे-मागे चार बोटं पट्टी उरते आणि तडा तिथूनच जातो. भोकाचे कोपरे गोल हवेत, काटकोनात कापले की चीर तिथूनच सुरू होते. स्लॅब उचलताना काचेसारखा उभा धरायचा, आडवा धरला की मधेच मोडतो. आणि जॉइंट सिंकच्या भोकावर आणू नका, कितीही स्लॅब वाचत असला तरी, पाणी तिथेच सारखं मुरत राहतं.

एक बारीकशी गोष्ट जी कुणी आपणहून करत नाही, ती म्हणजे पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला आत एक उथळ खाच. ओट्यावरून ओघळलेलं पाणी कडेखालून मागे सरकत कॅबिनेटच्या दाराच्या वरच्या कडेत शिरतं आणि प्लाय फुगतो, खाच असली की ते तिथेच थेंब होऊन खाली पडतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. फिकट दगडाखाली करडं सिमेंट नको, सावली वर दिसते. फटी भरायचं सिलिकॉनही न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, तेही दगडावर डाग पाडत नाही असं डब्यावर लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर मार्बलच्या कडेला तेलकट पट्टा येतो.

बाथरूमला नियम थोडे सैल. तिथे वजन नाही, गरम भांडी नाहीत, मार्बल चालून जातो. पण क्षाराचे पांढरे डाग काढायला जे क्लीनर मिळतात ते बहुतेक आम्लाचे, ते मार्बलवर चुकूनही नको, साध्या सौम्य साबणाने पुसायचं. नळाचं भोक बहुतेकदा 35 मिमीचं, तेही आधीच पाडून घ्या, आणि पाडायच्या आधी नळ तिथे उभा धरून हँडल मागे पूर्ण ढकलून बघा, ते आरशाला किंवा मागच्या पट्टीला अडत असेल तर भोक एक बोट पुढे घ्या.