ती ध्यानाला बसलीय

परवा दुपारी फोन वाजला आणि बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने सांगितलं, "ती ध्यानाला बसलीय." पलीकडे मोठ्या नणंदबाई. "झोपलीय" म्हटलं असतं तर "या वेळेला?" आणि वर "मज्जा आहे बाई एकेकीची" हेही आलं असतं. पण ध्यान म्हटल्यावर त्यांनी एकदम आवाज खाली आणला. "असू दे, असू दे, उठवू नकोस हं." आमच्याकडे फोन स्पीकरवरच चालतात, त्यामुळे मी डोळे मिटून हे सगळं शब्दन् शब्द ऐकत होते.

दुपार निवडली, कारण सकाळ माझी नाही. पहाटेच्या शांततेचे गोडवे गाणाऱ्यांनी दूध, पाणी, डबे आणि कचऱ्याची गाडी आठवडाभर सांभाळून दाखवावी, मग बोलू. दुपारी तीनला सगळं कसं निवांत असतं, हा आपला एक समज. डोळे मिटले की भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली आरोळी थेट मांडीवर येऊन बसते. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं. शेजारी कुकर लागतो. तिसरी शिट्टी झाली, आता बंद करायला हवा ना? म्हणजे वरण नाही. छोले असणार. आज काय विशेष? मुलगी आली असेल माहेरी. पण मग गाडी कशी दिसली नाही खाली?

सुरुवातीला मोबाइलवरच्या ॲपवर बसून पाहिलं. त्यातली बाई तापलेल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात सांगते, "आता खांदे सैल सोडा." मला कुणी खांदे सैल सोड म्हटलं की ते कानापर्यंत चढतात. हा माझा जुना दोष. इंजेक्शनच्या वेळीसुद्धा हेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हापासून त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कमळात बसलेल्या माणसाची चित्रं येतात. खाली पार्किंगचं भांडण चालूच असतं.

आमची आजी रोज बसायची, पण त्याला ध्यान वगैरे कुणी म्हणत नसे. "आजी जपाला बसलीय," एवढंच. गोमुखीत हात, आत १०८ मण्यांची तुळशीची माळ. तर्जनी लावायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. आम्ही पोरं समोर बसून त्या पिशवीकडे बघायचो. आत उंदीर शिरल्यासारखी ती हलत असे. जप चालू असताना बोलायचं नाही हा तिचा नियम, आणि त्याच वेळी घरातलं एकही काम तिच्या नजरेतून सुटायचं नाही. एक आखूड "हूं" म्हणजे दूध बघा. लांबलेला "हूंऽऽ" म्हणजे दारात कुणीतरी आलंय. दोन हूं आणि भुवई वर, म्हणजे लोणच्याच्या बरणीला हात लावणाऱ्याने तो मागे घ्यावा. काकू म्हणायची, सासूबाई बोलतात तेव्हा परवडतं, जपाला बसल्या की धाक वाटतो. आजीचं मन एकाग्र होत होतं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दूध उतू गेलं नाही, हे मात्र खरं.

एक मैत्रीण इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस राहून आली. तिकडचं मौन संपल्यापासून ती बोलतेच आहे. पहाटे चारची घंटा, फोन आणि पुस्तकं जमा, संध्याकाळी चहा, चुरमुरे, फळं, बस्स. पहिले तीन दिवस फक्त आनापान: नाकपुडीशी लक्ष ठेवायचं, श्वास येतोय, जातोय, एवढं जाणायचं. लांबवायचा नाही, मोजायचा नाही. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशात या वाटेला लागले ते अर्धशिशीने हैराण होऊन, हे तिच्याकडूनच कळलं आणि मला एकदम बरं वाटलं. निदान कारण तरी आपल्यातलं. मी करून बघितलं. पण श्वासाकडे बघायला लागलं की तो अवघडतो, आणि आता हा आपोआप चाललाय की मी घेतेय, हेच कळेनासं होतं.

शिवाय इगतपुरी म्हटलं की माझ्या नाकपुडीशी बटाटेवड्याचा वास येतो, त्याला काय करू? तिथलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासूनचं, पण आमच्या लेखी इगतपुरी म्हणजे इंजिन बदलायचं स्टेशन. मे महिन्यात दादरहून जळगावला निघालो की कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे, गाडी घाट चढायची आणि इगतपुरीला थांबायची. डीसी विजेवरचं इंजिन काढून एसी विजेवरचं जोडत. तेवढ्यात बाबा वडे आणि पाणी आणायला उतरायचे. आई खिडकीच्या गजांना नाक लावून बसायची. "कशाला जातात हे इतक्या लांब?" इंजिन जोडल्याचा धक्का डब्याला बसायचा आणि आईचा श्वास तिथेच अडकायचा. बाबा मात्र शेजारच्या डब्यात चढून, आतून आरामात चालत यायचे, हातात तेलकट कागदाचा पुडा. "इंजिन लागलं म्हणजे गाडी सुटली असं नसतं," असं दर वर्षी सांगायचे. आईला दर वर्षी ते पटायचं नाही.

श्वासाकडे नुसतं बघणं मला जमत नाही असं मी मैत्रिणीला सांगते, ते पुरतं खरं नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात रात्री मी त्यांच्याजवळ असायचे. मशीनवर आकडे दिसत होते, पण मी त्यांच्या छातीवरची चादर बघायचे. वर जायची, खाली यायची. मध्येच एखादा श्वास लांबला की माझाही थांबायचा. भाऊ नंतर म्हणाला, काय गोंगाट होता गं त्या वॉर्डात, रात्रभर ट्रॉल्या, पलीकडच्या खाटेवरचा तो माणूस सारखा ओरडायचा. मला यातलं काहीही आठवत नाही. मन इतकं लागलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा अनुभवलेलं नाही, आणि तसं ते पुन्हा लागावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.