काठ आणि गाळ

तळ्याकाठची बाग ही फार सोयीची गोष्ट. चार बाक, फरसबंदी, दिव्यांचे खांब आणि जमलं तर रंगीत कारंजं, की तळं सुधारलं असं सगळ्यांनाच वाटतं. फोटोही छान येतो. तळ्याला मात्र यातलं काहीच कळत नाही. त्याचं दुखणं खाली असतं.

ही हौस जुनीच. लंडनच्या हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन तळं राणी कॅरोलाइनच्या इच्छेने १७३०च्या सुमारास झालं. वेस्टबोर्न नावाच्या ओढ्याला बांध घातला आणि काठ मुद्दाम नागमोडी ठेवला. राजेराण्यांची तळी तोवर पट्टीने आखल्यासारखी असत, त्यामुळे या वळणांचं भारी कौतुक झालं. पुढे शहर फुगलं, ओढ्यात मैला आला आणि १८३४ साली तळ्यासाठी थेम्सचं पाणी घ्यावं लागलं. ज्याच्या जिवावर तळं जन्मलं, त्या ओढ्यालाच दार बंद!

अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे घाण दिसतच नव्हती. आजूबाजूच्या गावांचं सांडपाणी रीतसर प्रक्रिया करूनच सोडलं जायचं. पण त्यातला फॉस्फरस तसाच राहायचा, आणि शेवाळाला तर तेवढंच हवं असतं. १९५५ साली तिथे निळ्या-हिरव्या शेवाळाची एक जात सापडली आणि एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांनी धोक्याची सूचना दिली. १९५८ मध्ये लोकांनी चक्क मतदान करून सांडपाण्याच्या नव्या व्यवस्थेला होकार दिला. (जमिनीखाली गडप होणाऱ्या नळांसाठी मत द्यायचं, म्हणजे कमालच!) १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी दुसरीकडे वळवलं गेलं. पाण्याचा नितळपणा मोजायला एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहतात. साठच्या दशकात ती मीटरभरातच गुडूप व्हायची. सत्तरचं दशक सरता सरता सहा-सात मीटरपर्यंत दिसू लागली.

स्वीडनमधल्या वेक्श्यो गावचं ट्रुमेन तळं इतकं सरळ नव्हतं. सांडपाणी १९५०च्या दशकाअखेर थांबवलं, तरी दहा वर्षं तळं आजारीच. वर्षानुवर्षांचा फॉस्फरस तळाच्या गाळात साठला होता आणि तिथून तो पुन्हा पाण्यात उतरत होता. एखाद्या जुन्या उधारीचं व्याज चालू राहावं तसा. शेवटी १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांत अर्धा-अर्धा मीटर करत मीटरभर गाळ उपसला, तेव्हा कुठे पाणी निवळलं.

उपसलेला गाळही वाया गेला नाही. शेवाळाला जे मानवतं ते गवतालाही मानवतंच. वाळवून तो बागांच्या हिरवळीला घातला. आधी तळं, मग बाग, असा क्रम लावल्याचा एवढा रोकडा फायदा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.