बॉनेटखालचं बॉनेट

दुपारी गाडीच्या काचेवर उडणारं पाणी संपलं म्हणून बॉनेट उघडलं. टाकीत पाणी ओतता ओतता सहज नजर फिरली, तर इंजिन कुठे दिसेचना. पुढे रेडिएटरवर काळी पट्टी, मध्ये काळं झाकण, बॅटरीवर काळा डबा, दोन्ही कडांना आणखी काळ्या पट्ट्या. त्या सगळ्या काळ्यात रंग दोनच, पाण्याच्या टाकीचं निळं बूच आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकची पिवळी कडी. मालकाने हात लावायचा तो एवढ्यालाच, असा एकूण इशारा. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवणाऱ्या कुणीतरी ही गाडी बनवली असावी.

त्यातही मधल्या झाकणाचा मला विशेष राग आहे. त्यावर फुगीर नळ्या कोरल्यात, रेघा ओढल्यात, चार कोपऱ्यांना बोल्टसारखे दिसणारे उंचवटे आहेत. म्हणजे इंजिनावर इंजिनाचंच चित्र! झाकण असावं, माझी ना नाही. पण त्याने मुकाट्याने झाकण म्हणून राहावं.

काकांच्या गाडीत असलं काही नव्हतं. सुट्टीच्या दुपारी घर झोपलं की काका बॉनेट उघडायचे आणि माझ्या हातात टॉर्च द्यायचे. फॅनबेल्ट, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरमधून निघून प्लगपर्यंत गेलेल्या जाड वायरी, सगळं उघड्यावर. कुठून काय निघतं आणि कुठे जातं ते बोट फिरवून सांगता यायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवून त्याची मूठ ते कानाला लावत. "ऐक, टॅपेट वाजतंय." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग; मला निव्वळ खडखडाट ऐकू यायचा, पण मी मान डोलवायचो. मग इंजिन निवलं की वरचं पत्र्याचं झाकण उतरायचं आणि फट मोजायच्या फीलर गेजचं कागदाएवढं पातळ पातं व्हॉल्व्हच्या फटीत सरकायचं. तोवर माझं लक्ष एखाद्या मुंगळ्याकडे गेलेलं असे. "उजेड माझ्या हातावर नको, कामावर पाड!" हे वाक्य न ऐकता मोठा झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता ते ऐकणंच नको म्हणून झाकण आलं, असं म्हणायला हरकत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात इंधनाला 200 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) किंवा त्याहून जास्त दाब असतो, आजच्या डिझेलमध्ये तो 2000 बारच्या घरात जातो, आणि इंजेक्टर शिलाई मारल्यागत टिकटिकत राहतात. झाकणाच्या पोटाशी फोम चिकटवलेला असतो, तो ही टिकटिक जरा गिळतो. शिवाय वायरी आणि नळ्यांचा गुंता लपतो. एकेकाळी लपवण्याऐवजी इंजिनच देखणं करायचे. जॅग्वारचं 1948 मधलं एक्सके इंजिन पाहा. त्याची वरची दोन लांब झाकणं चकचकीत ॲल्युमिनियमची होती. झाकणंच, पण ती इंजिनाचीच.

मग काढावं की ठेवावं? काढलं की इंजिन थंड राहतं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यात फारसा अर्थ नाही. चालत्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट, कूलंट आणि रेडिएटर सांभाळतात, वरच्या प्लास्टिकला कुणी विचारत नाही. मी ते काढतो ते वेगळ्याच कारणासाठी. ऑइल कुठून झिरपतंय, पाइपला चीर गेलीय का, उंदराने वायर कुरतडलीय का, हे डोळ्यांना दिसावं म्हणून. उंदरांना तर तो फोम घरट्यासाठी फारच पसंत पडतो. आणि ऑइल पिऊन बसलेला फोम गरम इंजिनावर बाळगणं मला बरं वाटत नाही.

मात्र सरसकट सगळीच प्लास्टिकं उचकटायला निघू नये. काही इंजिनांत एअर फिल्टर वरच्या झाकणातच बसवलेला असतो; ते काढलं तर इंजिन धूळ खाणार. रेडिएटरवरची पट्टी हवेला बगल देऊ देत नाही, रेडिएटरच्या जाळीतूनच जायला लावते. वायपरखालचं प्लास्टिक पावसाचं पाणी बाजूला काढतं. तळाचा पत्रा चिखल अडवतो, गाडीखालची हवा सरळ वाहू देतो. अर्थात तोही काही ब्रह्मवाक्य नव्हे. 2022 मध्ये फोर्डने अमेरिकेत काही हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. इंजिन फुटलं तर ऑइल आणि पेट्रोलची वाफ खाली साचून पेट घेऊ शकते, अशी भीती होती. इलाज काय, तर पुढच्या जाळीच्या काही झडपा काढायच्या आणि तळाच्या त्या संरक्षक पत्र्याला भोकं पाडायची!

वरचं झाकण काढणं सोपं असतं. गोल डोक्याच्या खुंट्या रबरात बसवलेल्या असतात. एकेक कोपरा धरून सरळ वर ओढायचा, तिरका नाही. जुनं प्लास्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं, कडकन मोडतं. एखादं रबर निसटून खाली पडतंच, आणि ते थेट तळाच्या पत्र्यावर जाऊन बसतं.

माझं झाकण सध्या कपाटावर आहे.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"इंजिनाचं झाकण."

"मग इंजिनावर का नाही?"

गाडी विकताना लागेल, असं काहीतरी मी पुटपुटलो.

परवा शेजाऱ्यांनी नवी इलेक्ट्रिक गाडी दाखवायला बॉनेट उघडलं. पुन्हा तेच काळं प्लास्टिक. सवयीने हात कोपऱ्याकडे गेला, तेवढ्यात फटीतून नारिंगी केबल दिसली आणि मी हात मागे घेतला. नारिंगी म्हणजे उच्च दाबाची वीज, बहुतेक गाड्यांत 400 व्होल्टच्या आसपास, काहींत 800. गाडी बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही वेळ वीज शिल्लक राहते. तिथलं झाकण शोभेचं नाही. त्याला हात लावू नका, आणि पोरांनाही लावू देऊ नका.